किटलीवरचा आळ

"पुढच्या महिन्यापासून आमच्या कारखान्यात चूक होणार नाही," गेबहार्ड श्टेलेने 'सोनेरी हरिण' खानावळीत जाहीर केलं आणि बिअरचा पेला टेबलावर असा ठेवला, की ठरावावर शिक्काच बसला.

दर गुरुवारी तेच टेबल, त्याच खुर्च्या आणि त्याच माणसांचे तेच वाद. आमच्या हिंटरलाउटर गावात याहून जास्त करमणूक कोणाला लागत नाही. समोरच्या खुर्चीत गेबहार्डचा मेव्हणा झीगबर्ट बसला होता. ओढ्याच्या पलीकडे त्याचाही असाच कारखाना आहे, आणि दाजींच्या बोलण्यात खोट काढणं हा त्याचा जोडधंदा.

"चुका कमी होतील, असं म्हणायचंय का दाजी?"

"कमी नाही. होणारच नाहीत. चुका माणसं करतात. यंत्र चुकत नाही."

"आणि हे यंत्र पसंत कोणी केलं?"

"मी."

"मग बघा बुवा," झीगबर्ट म्हणाला आणि मसुराच्या ताटाकडे वळला.

गेबहार्डचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. जानेवारीत खरोखरच ते यंत्र आलं. सीएनसी मिलिंग मशीन, तेही पाच अक्षांवर फिरणारं. आत धातूचा ठोकळा ठेवायचा, दार लावायचं, आणि आतलं डोकं वरून, खालून, आडवं, तिरकं वळत त्या ठोकळ्यातून हवा तो आकार कोरून काढतं. रविवारी प्रार्थना आटोपून निम्मं गाव ते बघायला आलं. बाळंतिणीच्या खोलीत उभं राहावं तशी माणसं हात मागे बांधून उभी राहिली. कोणी हात लावला नाही. एक म्हातारी तर म्हणाली, थेट गोटलोबवर गेलंय. गोटलोब म्हणजे गेबहार्डचे कैलासवासी वडील, 'श्टेले आणि पुत्र' या कारखान्याचे संस्थापक. त्यातला पुत्र आता एकोणसाठ वर्षांचा आहे.

या यंत्रात श्टेल्यांनी घरातली सगळी पुंजी ओतली होती, आणि ती हौसेने नव्हे. चाळीस वर्षं कारखाना मोटारींच्या इंजिनात इंधन फवारणारी तोंडं बनवत आला. आता मोटारी विजेवर चालायला लागल्या. विजेला फवारा लागत नाही. कामं आटत चालली होती आणि कारखान्यात अठरा माणसं होती. अशात उत्तरेकडच्या कील शहरातून विचारणा आली. तिथली एक कंपनी अशक्त हृदयाला मदत करणारे छोटे पंप बनवते. त्या पंपाचं टायटॅनियमचं कवच हवं होतं, अक्रोडाएवढं. आतल्या भोकाच्या मापात चार मायक्रॉनपर्यंतचा फरक चालेल. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे काय ते समजा. कंपनीच्या डॉ. फेडरसनबाई स्वतः येऊन डोळ्यांदेखत कवचं करून घेणार होत्या. जमली तर काम श्टेल्यांना. नाही जमली तर ओढ्यापलीकडे झीगबर्टला, कारण त्यानेही तसंच यंत्र मागवलं होतं. आणि काम गेलं, तर उन्हाळ्यापर्यंत अठरातल्या निम्म्यांना घरी बसवावं लागणार होतं. कोणाला, याचा विचार गेबहार्ड करायला लागला की त्याला जेवण जात नसे.

म्हणून त्याने तयारीत कसर ठेवली नाही. धातू उष्णतेने फुगतो आणि थंडीने आकसतो, हे शाळेत सगळेच शिकतात. गेबहार्डला ते बाळकडूतून मिळालं होतं. यंत्रशाळेत रात्रंदिवस बरोबर वीस अंश राहावेत म्हणून त्याने छताला वातानुकूलन बसवलं. मग नियम आले. यंत्राजवळ कॉफीचा कप आणायचा नाही. तयार कवचाला उघडा हात लावायचा नाही. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर ऊब येते म्हणून दोन दिवे काढून टाकले. त्याची बायको इर्मट्राउट कारखान्याची कचेरी सांभाळते. तिचा बुटका म्हातारा कुत्रा इतकी वर्षं यंत्रशाळेच्या कोपऱ्यात झोपायचा. त्याचीही हकालपट्टी झाली.

"त्याने काय केलं?" इर्मट्राउटने विचारलं.

"कुत्र्याचं अंग अडतीस अंश असतं," गेबहार्ड म्हणाला.

बाकी दिनक्रम गोटलोबच्या वेळेपासून चालत आला तसाच. पहाटे काम सुरू, साडेनवाला भोंगा, भोंग्याला न्याहारी. माणसं शेजारच्या खोलीत बसून लोणी लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचे खारे पाव, आणि सॉसेज खायची. तेवढ्यात गेबहार्ड वडिलांसारखाच यंत्रशाळेत फेरी मारून एकेक खिडकी सताड उघडायचा आणि शेवटी मालाच्या फाटकाची दोन्ही दारं लोटून द्यायचा. फेब्रुवारीची हवा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर. मग सगळं घट्ट बंद. याला आमच्याकडे हवा बदलणं म्हणतात. ती घरात बदलतात, शाळेत बदलतात, इस्पितळात बदलतात, बाहेर बर्फ पडत असला तरी बदलतात. एखाद्या घराच्या खिडक्या सकाळी उघडल्या नाहीत, तर शेजारी काळजीने दार वाजवतो.

पहिल्या सकाळी यंत्राने केलेली कवचं पाहून गेबहार्डला गहिवरून आलं. एका मायक्रॉनचाही फरक नाही. न्याहारीनंतर मुकादम नुरेत्तिन मोजणीच्या खोलीतून बाहेर आला. हा नुरेत्तिन इथेच जन्मलेला. त्याचे वडील तुर्कस्तानातून येऊन गोटलोबच्या हाताखाली लागले होते. तो आणि गेबहार्ड एकाच वर्गात शिकले, एकत्रच नापास झाले, पण कारखान्यात पाऊल ठेवल्या दिवसापासून नुरेत्तिनने त्याला 'मालक' म्हणायला सुरुवात केली होती. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते गेबहार्डला अजून कळलेलं नाही.

"अकरा," नुरेत्तिन म्हणाला.

"वाजले?"

"मायक्रॉन."

गेबहार्डचा चेहरा उतरला. "परत मोज."

"तीनदा मोजलं."

"मग तुझं मोजणं चुकतंय."

"चुका माणसं करतात असं खानावळीत म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं होतं मी. पहिला नंबर आपलाच लागणार."

गेबहार्डने स्वतः मोजलं. अकराच होते. त्याला घाम फुटला. डोकं शांत व्हावं म्हणून त्याने जवळची खिडकी उघडली, चार मोठे श्वास घेतले, आणि यंत्र पुन्हा चालू करायला सांगितलं. हे कवच बारा मायक्रॉन चुकलं. मग त्याने दुसरीही खिडकी उघडली.

असं आठवडाभर चाललं. सकाळी यंत्र गुणी बाळासारखं वागायचं आणि न्याहारी झाली की अंगात आल्यासारखं करायचं. दुपार उलटता उलटता सावरायचं, तोवर गेबहार्ड वैतागून पुन्हा हवा बदलायचा, आणि पुन्हा तेच. छतावरचं वातानुकूलन धापा टाकत घरघरायचं. "बघ, यंत्रणा कशी जोरात चाललीये," गेबहार्ड समाधानाने म्हणायचा. तेवढीच एक गोष्ट त्याला समाधान देत होती.

शेवटी त्याने सगळ्यांना गोळा केलं. "बिघाड न्याहारीच्या वेळी होतो. तर न्याहारीच्या वेळी यंत्रशाळेत असं काय होतं, जे एरवी होत नाही?"

अठराजणांनी मनापासून विचार केला. कोणाला काही सुचेना. मग गेबहार्डची नजर कोपऱ्यातल्या फळीवर गेली. तिथे नुरेत्तिनची दुमजली किटली होती. खालच्या मजल्यावर पाणी, वरच्या मजल्यावर चहा. ती त्याच्या आईची होती, आणि साडेनवाच्या ठोक्याला ती वाफ सोडायची.

"ती," गेबहार्ड म्हणाला.

"मालक, ती तीस वर्षं तिथे आहे."

"यंत्र तीस वर्षं नव्हतं."

"वाफेने टायटॅनियम फुगलं, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं काही नाही. मी फक्त एकेक शक्यता काढून टाकतोय."

नुरेत्तिनने किटली उचलली, कापडात गुंडाळली आणि मागच्या अंगणातल्या सायकलींच्या छपराखाली नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तो बर्फात उभा राहून चहा प्यायला लागला. तो मोजलेले आकडे सांगायचा, पण 'मालक' म्हणणं त्याने बंद केलं, आणि हे गेबहार्डला जास्त झोंबलं. किटली गेली. बिघाड राहिला.

दोन दिवसांनी गेबहार्ड यंत्रासमोर उभा असताना चर्चची अकराची घंटा झाली आणि त्याच वेळी कोरलेलं कवच नऊ मायक्रॉन चुकलेलं निघालं. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घंटेने भिंत हादरते. भिंतीने जमीन हादरते. तो तसाच टोपी घालून पाद्रीणबाईंकडे गेला. बाईंच्या अभ्यासिकेत दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या आणि प्रवचनाच्या कागदांवर बर्फाची भुरभुर येत होती. दोघंही कोट घालून समोरासमोर बसले.

"घंटा बंद करू?" बाई म्हणाल्या. "श्टेले, ही घंटा महायुद्धात थांबली नव्हती."

"फक्त येत्या गुरुवारची सकाळ. कीलच्या बाई यायच्या आहेत. हृदयाच्या पंपाचा प्रश्न आहे."

"तुमच्या हृदयाच्या?"

"हे असंच चाललं तर तेही लागेल."

बाईंनी कागदांवरचं बर्फ झटकलं. "घंटेचं एक बेअरिंग झिजलंय. ते तुम्ही करून द्यायचं. आणि ईस्टरपर्यंत दर रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसायचं."

गेबहार्डने घासाघीस करून पहिल्या रांगेची तिसरी केली. आपण फार मोठा व्यवहार जिंकला असं त्याला वाटलं.

तरी शंका नको म्हणून त्याने यंत्राच्या कंपनीचा तंत्रज्ञही बोलावला. बाप्तिस्ता नावाचा हा गृहस्थ मूळचा पोर्तुगालच्या समुद्रकाठचा. गळ्याला दोन वेढे मफलर गुंडाळून तो न्याहारीच्या वेळेलाच येऊन थडकला. हवा बदलणं चालू होतं.

"इथे फार गारठा आहे," बाप्तिस्ता म्हणाला. "खिडक्या लावू का?"

"आत्ता लावतोच आम्ही. हवा बदलतोय."

"मी लावतो," म्हणून बाप्तिस्ताने एका दमात सगळ्या खिडक्या लावल्या, फाटक ओढून घेतलं, आणि दिवसभर कोणाला त्यांच्याकडे फिरकू दिलं नाही. छातीचा विकार आहे असं त्याने सांगितलं. आजारी माणसापुढे कोण काय बोलणार? तासाभरात यंत्र ताळ्यावर आलं आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक कवचं बिनचूक निघाली. नुरेत्तिन शून्य आणि एक याशिवाय दुसरा आकडाच उच्चारेना.

"काय केलंत?" गेबहार्डचे हात जोडले जायचेच बाकी होते.

"काहीच नाही. यंत्र उत्तम आहे."

"काहीतरी केलंच असणार."

"खिडक्या लावल्या," बाप्तिस्ता म्हणाला.

गेबहार्ड डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. इर्मट्राउट हसली. कितीतरी दिवसांनी नुरेत्तिनसुद्धा हसला. दक्षिणेकडची माणसं मोठी गमतीदार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पाहुण्याला ब्रेत्सेलची पिशवी बांधून दिली. त्याची गाडी वळणाआड गेली, तसा गेबहार्ड यंत्रशाळेत आला आणि त्याने नाक मुरडलं. दिवसभर कोंडलेली हवा! त्याने खिडक्या उघडल्या, फाटक उघडलं, आणि आज जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर पुन्हा अकरा मायक्रॉन. गेबहार्डने फोन लावला.

"तुमची पाठ फिरली आणि पुन्हा बिघडलं."

"खिडक्या लावा," पलीकडून उत्तर आलं.

"बाप्तिस्तासाहेब, काल गंमत केलीत, हसलो आम्ही. आज मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही गंभीरपणेच सांगतोय."

गेबहार्डने फोन ठेवला. संतापाने त्याचे कान लाल झाले होते. "एवढं महागाचं यंत्र घ्यायचं आणि वर टिंगल ऐकून घ्यायची. म्हणे खिडक्या लावा."

"खिडक्या तर बंदच असतात," नुरेत्तिन विचार करत म्हणाला. "हवा बदलताना काय उघडतो तेवढंच."

"तेच तर."

दोघांनीही बंद खिडक्यांकडे बघितलं. मग नुरेत्तिन चहा प्यायला बर्फात गेला.

आणि गुरुवार उजाडला. दूधवाल्या ट्रकला गावाबाहेरून वळसा घालायला सांगितलं होतं. घंटेला बारापर्यंत सुट्टी होती. कुत्रा शेजाऱ्यांकडे, किटली अंगणात. पावलांची धडधड नको म्हणून अठराही जणांच्या पायांत घरातल्या मऊ सपाता होत्या. कोणी निळ्या चौकड्यांच्या आणल्या होत्या, एकाच्या सपातांना सशाचे कान होते. पहाटेच्या तिन्ही चाचण्या निर्दोष निघाल्या. गेबहार्डच्या जिवात जीव आला. डॉ. फेडरसनबाईंचा निरोप होता, की बर्फामुळे गाडीला उशीर होतोय, दहापर्यंत पोचते.

गेबहार्डने यंत्रशाळेत नजर फिरवली. सगळं आरशासारखं लख्ख होतं. पण तेलाचा वास होता, अठरा माणसांच्या घामाचा वास होता, आणि थोडा भीतीचाही असावा. पाहुणी काय म्हणेल? त्याने खिडक्या उघडल्या. फाटक उघडलं. पाहुणी मोठी, म्हणून हवाही मोठी बदलली. फाटकातून दोन पावलं बर्फ आत आलं, ते इर्मट्राउटने झाडून काढलं.

डॉ. फेडरसनबाई उंच, पिकल्या केसांच्या आणि मोजकं बोलणाऱ्या निघाल्या. उत्तरेकडच्या माणसांना शब्द जपून वापरायची सवय असते.

"कोट द्या ना," इर्मट्राउट म्हणाली.

बाईंनी चहूकडे बघितलं. "राहू दे अंगावर."

यंत्र चालू झालं. पहिलं कवच बाहेर आलं, नुरेत्तिनने ते मऊ कापडात धरून मोजणीच्या खोलीत नेलं. काचेपलीकडे त्याची पाठ दिसत होती. तो बराच वेळ वळलाच नाही.

"तेरा," शेवटी तो म्हणाला.

दुसरं बारा. तिसरं चौदा. नुरेत्तिनचा आवाज दर वेळी खाली जात होता. इर्मट्राउट जमिनीकडे बघत होती. सपाता घातलेली बाकीची माणसं भिंतीला टेकून उभी होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरात कोण कोण आहे, कोणाची मुलगी कुठे शिकते, सगळं गेबहार्डला ठाऊक होतं. त्याला भीती वाटली. बढाई मारल्याची लाज वाटायलाही त्या भीतीने जागा ठेवली नाही. आता यांना काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याचा श्वास कोंडला.

"माफ करा हं बाई," तो म्हणाला, "इथे जरा कोंदट झालंय." आणि त्याने खिडकीच्या मुठीला हात घातला.

"श्टेलेसाहेब," डॉ. फेडरसनबाई म्हणाल्या, "हात काढा."

गेबहार्डचा हात तिथेच थिजला.

"आज सकाळपासून ही खिडकी किती वेळा उघडलीत?"

"एकदाही नाही."

"एकदाही नाही?"

"शपथेवर सांगतो. विचारा कोणालाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. "फक्त हवा बदलली."

बाईंनी हातातली पिशवी उघडली, आत चाचपलं आणि एक वस्तू काढून यंत्राशेजारच्या टेबलावर ठेवली. ती खिडकीची मूठ होती. पांढरी, वापरून गुळगुळीत झालेली.

"ही आमच्या जुळणीच्या खोलीची," त्या म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात आमचा एक पंप धड जुळेना. आम्ही माल पुरवणाऱ्यांना दोष दिला. मोजायची उपकरणं बदलली. एका बिचाऱ्या म्हाताऱ्याला कॉफी प्यायला जिन्यात पाठवलं."

नुरेत्तिन खोकला.

"शेवटी खोलीत तापमापी आणि कॅमेरा लावला. त्यात दिसलं, की रोज सकाळी एक बाई येते, खिडकी सताड उघडते आणि प्रसन्न चेहऱ्याने उभी राहते." बाईंचे गाल किंचित लाल झाले. "मीच. आता मूठ माझ्यापाशी असते. खोलीत ठेवली तर मीच पुन्हा खिडकी उघडीन."

वातानुकूलन धापा टाकत होतं. गेबहार्डने खिडकीकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, भिंतीवरच्या तापमापीकडे बघितलं. ती अजून सतरा दाखवत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हवा बदलल्यानंतर तिच्याकडे नजर टाकली होती.

"पण हवा तर बदलायलाच हवी," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"हवीच," डॉ. फेडरसनबाई म्हणाल्या, आणि दोघांनीही दुःखाने मान हलवली.

मग सगळं बंद ठेवून यंत्र निवांत व्हायची वाट बघत बसावं लागलं. थोड्या वेळाने गेबहार्ड उठला, सपाता घातलेल्या पायांनीच मागच्या दाराने बर्फात गेला आणि किटली घेऊन आला. त्याने ती कोपऱ्यातल्या फळीवर जुन्या जागी ठेवली. सपाता भिजून चपचपल्या होत्या.

"चहा कर," तो नुरेत्तिनला म्हणाला.

"इथे? आत?"

"इथे. आत."

गेबहार्डने कोणाची माफी मागितलेली गावात कोणाला आठवत नाही. याहून लांबलचक माफी त्याच्याकडून निघाली नसती, हे नुरेत्तिनला कळत होतं. त्याने किटली तापत ठेवली. "साखर किती मालक?" त्याने विचारलं. तो 'मालक' ऐकून गेबहार्डला बरं वाटलं.

पाहुणीने चहाबरोबर दोन ब्रेत्सेल खाल्ले आणि कोट काढला. तापमापी विसावर येऊन थांबली होती. यंत्र पुन्हा सुरू झालं. चौथं कवच कोरलं जात असताना किटली वाफ सोडत होती, आणि नेमके त्याच वेळी बारा वाजले. सुट्टी संपलेली घंटा सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी घणघणली. गेबहार्डने डोळे मिटून घेतले. कवच बाहेर आलं. नुरेत्तिनने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि काचेवर आतून एक बोट टेकवलं.

"एक," इर्मट्राउट म्हणाली आणि तिने तिथेच डोळे पुसले. सशाच्या कानांच्या सपातावाला टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच वाजवायला लागले.

निघताना डॉ. फेडरसनबाईंनी सांगितलं, की सगळं काम एकाच कारखान्याला द्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे. निम्मं श्टेल्यांना. निम्मं ओढ्यापलीकडच्यांना, त्यांचे नमुने जमले तर. नाही जमले तर तेही श्टेल्यांना. निम्म्यातही अठरा माणसांचं निभत होतं. त्याच संध्याकाळी इर्मट्राउटने पेचकस घेऊन यंत्रशाळेतल्या सगळ्या खिडक्यांच्या मुठी काढल्या आणि कचेरीतल्या कपाटात कुलपात ठेवल्या. फाटकाची किल्लीही तिथेच गेली. कुत्रा कोपऱ्यात परत आला. आता न्याहारीच्या वेळी गेबहार्ड अंगणात सायकलींच्या छपराखाली उभा राहून एकटाच हवा बदलतो. रविवारी मात्र त्याला चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसावं लागतं. घंटा निर्दोष सुटली तरी पाद्रीणबाईंनी व्यवहार मोडू दिला नाही.

मार्चमध्ये झीगबर्टचं यंत्र आलं. बाहेर अजून बर्फ होतं. एका सकाळी कचेरीत फोन वाजला, तो गेबहार्डनेच उचलला.

"दाजी, विचारू नये, पण विचारतो," झीगबर्टचा आवाज पार खचला होता. "तुमच्याकडे आहे तेच यंत्र. पहाटे सोन्यासारखं चालतं आणि न्याहारी झाली की दहा-बारा मायक्रॉन. पाया उकरून पाहिला. माणसं बदलून पाहिली. सोमवारी कीलच्या बाई येतायत. मला तर वेड लागायची पाळी आलीये."

गेबहार्डने मनात हिशेब केला. निम्म्याचं सगळं व्हायला फक्त सोमवार उजाडायचा होता. आणि हाच तो मेव्हणा, ज्याने 'मग बघा बुवा' म्हटलं होतं.

"झीगबर्ट," तो सावकाश म्हणाला, "तुझ्या यंत्रशाळेत किटली आहे का रे?"

"आहे की."

"जरा तिच्याकडे बघ."

इर्मट्राउटने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. तिने नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली, की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"झीगबर्ट, मी बोलतेय. किटलीला हात लावू नकोस. खिडक्या लाव."

पलीकडून झीगबर्टचा दुखावलेला आवाज आला, गेबहार्डलाही ऐकू जाईल इतका मोठा.

"कुठल्या खिडक्या, ताई? इथे खिडक्या उघडतंय कोण? फक्त हवा बदलतो."

"बरोबर बोलतोय तो," गेबहार्ड म्हणाला.